बाबा उभे राहिले की वाकतात, पाठ टेकली की सरळ होतात

ताई, नमस्कार.

आम्ही नागपुरात गोळीबार चौकाजवळ राहतो. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. तरुणपणी घरच्याच हातमागावर बसायचे, माग बंद पडल्यावर इतवारीत कापडाच्या दुकानात नोकरी केली. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. हात थोडाच थरथरतो, अंग मात्र फार आखडतं. गेल्या दीड वर्षापासून ते कमरेतून पुढे वाकू लागलेत. घरातून निघताना थोडे वाकलेले असतात, गांधीबागेपर्यंत पोचता पोचता तोंड जमिनीकडे. आणि रात्री पलंगावर पाठ टेकली की एकदम सरळ! सासूबाई म्हणतात, "नाटकं करते हा माणूस." गल्लीतले म्हणतात, "आपल्या कोष्ट्यांचं असंच असते, माग चालवून चालवून कंबर वाकतेच." जरीपटक्याला माझ्या नणंदेच्या शेजारी एक सिंधी काका आहेत, त्यांनाही पार्किन्सनच, पण ते पुढे न वाकता डावीकडे कलतात. माझ्या मुलानं मोबाइलवर वाचलं की जपानी लोकांची मान पडते आणि युरोपातल्यांची कंबर वाकते. मग हे जातीवर, वंशावर असतं का? आमच्यात हे असंच वाढत जाणार का? कमरेचा पट्टा आणून ठेवलाय, तो दिवसभर बांधू का? आम्ही दिवसभर "सरळ चाला न बाबा" म्हणत असतो. परवा ते चिडले आणि फिरायला जाणंच बंद केलं.

— एक सून

---

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: पाठ टेकली की एकदम सरळ. आधी त्याचंच बोलू, कारण सासूबाईंना नाटक वाटतं ते त्यामुळेच, आणि निदानाची किल्लीही तीच आहे.

सासूबाईंवर रागावू नका. मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे नाटकच वाटलं होतं. १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, फ्रान्समध्ये काही सैनिक असेच कमरेतून काटकोनात वाकलेले दिसले. आडवं केलं की सरळ, उभं केलं की पुन्हा वाकडे. तिथल्या डॉक्टरांनी त्याला कॅम्प्टोकॉर्मिया असं ग्रीक नाव दिलं, अर्थ साधा, 'वाकलेलं धड'. कारण मनाचं धरलं, लढाईच्या धसक्याचं. पार्किन्सनमध्येही हेच वाकणं होतं आणि ते मनाचं नसतं, हे पुढे कित्येक दशकांनी नीट मांडलं गेलं. तेव्हा सासूबाई एकट्या नाहीत.

आत काय होतं ते सांगते. उभं राहणं आपल्याला फुकटात मिळाल्यासारखं वाटतं, पण पाठीचे स्नायू धडाला सतत मागे ओढून धरत असतात, पोटाकडचे पुढे ओढतात, आणि मेंदू दोघांचा हिशेब क्षणाक्षणाला जुळवत असतो. पार्किन्सनमध्ये डोपामाइन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन, कमी पडतं आणि हा हिशेब बिघडतो. पुढचे स्नायू आखडतात, मागचे थकतात. शिवाय 'मी किती वाकलोय' हे आतून कळणंही बोथट होतं. म्हणजे तुम्ही "सरळ चाला" म्हणता तेव्हा बाबांना प्रामाणिकपणे वाटत असतं की आपण सरळच आहोत, ही पोरगी उगाच मागे लागलीय. पलंगावर धड तोलून धरायचंच नसतं, म्हणून ते सरळ होतं. भिंतीला हात टेकला किंवा वरच्या खुंटीवर काही अडकवायला हात उंचावला तरी थोडा वेळ सरळ होतील बघा. घरच्यांना तेव्हा वाटतं, "आत्ता कसे झाले सरळ? म्हणजे येतं की!" येतं, पण टिकत नाही. आजार नेमका त्या न टिकण्यात आहे.

आता तुमचा मोठा प्रश्न, जातीचा आणि वंशाचा.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये या आजारावर पुस्तिका लिहिली, ती अवघ्या सहा माणसांवरून. त्यातले काही तर त्यांना रस्त्यातच दिसलेले. आजाराची व्याख्या करतानाच त्यांनी धड पुढे झुकण्याचा कल आणि चालता चालता पळत सुटल्यासारखं होणं नोंदवलं. दोनशे वर्षांपूर्वीचे ते लंडनकर आणि तुमचे गोळीबार चौकातले बाबा यांच्यात रक्ताचं, भाषेचं, जेवणाचं काहीही साम्य नाही, पण दोघांचा पोक एकाच घरचा. बाजूला कलण्याला 'पिसा सिंड्रोम' म्हणतात, इटलीतल्या त्या कलत्या मनोऱ्यावरून. पण हे नाव १९७२ साली पडलं ते इटालियन लोकांवरून नाही, तर मानसिक आजारांवरची काही औषधं घेणाऱ्या रुग्णांवरून. हे सिंधी काकांसाठी लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मी शेवटी येते.

मुलानं वाचलंय ते अगदीच खोटं नाही. मान छातीवर पडण्याची वर्णनं जपानमधून बरीच आली. इटलीत १,६३१ रुग्ण तपासले तेव्हा ८.८ टक्के लोक बाजूला कललेले सापडले. पण कमरेतून वाकण्याचं प्रमाण कुणी ३ टक्के लिहिलं, कुणी जवळजवळ १८ टक्के. इतका फरक कसा? बराच काळ कोणी १५ अंशांना वाकलेला म्हणे, कोणी ४५ अंशांना. कोणी उभं करून मोजलं, कोणी चालवून. एका दवाखान्यात दोन वर्षांचे रुग्ण जास्त, दुसऱ्यात बारा वर्षांचे. मापाची पट्टीच वेगळी असल्यावर 'यांच्यात जास्त, त्यांच्यात कमी' हे बोलणं इतवारीत एकानं मीटरनं आणि दुसऱ्यानं हातानं कापड मोजून भावावर भांडण्यासारखं आहे. बाबांना विचारा, ते हसतील.

आजार होण्याच्या बाबतीत मात्र समाजासमाजात फरक दिसलाय. १९८८ मध्ये मुंबईच्या पारशी वस्त्यांमधली पाहणी छापून आली, त्यात लाखात ३२८ इतका आकडा निघाला. आपल्या देशात इतरत्र निघालेल्या आकड्यांच्या मानानं तो पुष्कळ मोठा. पण पारशी समाजात म्हातारी माणसं खूप, आणि हा आजार वयाबरोबर वाढणारा, हेही त्या आकड्यात आहे. जनुकांचंही तसंच. एलआरआरके-२ नावाच्या जनुकातला एक बदल उत्तर आफ्रिकेतल्या अरबांमध्ये आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये पुष्कळ सापडतो, आपल्याकडे क्वचित. हे सगळं आजार कुणाला होतो याचं झालं. झाल्यावर कोण किती वाकेल, ते आडनावापेक्षा वय, आजाराची वर्षं, अंग किती आखडतं आणि कमरेचं जुनं दुखणं यावर जास्त ठरतं. तुमचे बाबा थरथरणारे कमी आणि आखडणारे जास्त, वय ७१, आजार सहा वर्षांचा. त्यांच्या वाकण्याचं स्पष्टीकरण द्यायला मला कोष्टी हा शब्द लागलाच नाही.

गल्लीतल्यांना मी चार आणे मात्र देईन. खड्डामागावर तासन्‌तास पुढे झुकून बसणाऱ्याचे मणके झिजतात, आणि आधीच झिजलेल्या कमरेवर पार्किन्सन आला तर वाकण्याची शक्यता वाढते. पण ते कामामुळे, जातीमुळे नाही. साधं बघा, बाबांचे जे भाऊ-चुलतभाऊ त्याच मागांवर बसले आणि ज्यांना पार्किन्सन नाही, ते चालता चालता असे काटकोनात जातात का? नाही ना? "आपल्यातले असेच वाकतात" या वाक्याचा खरा तोटा हा की ते ऐकलं की माणूस डॉक्टरकडे जायचं थांबतो. मी तीस वर्षं या शहरात फिजिओथेरपी करतेय. कोष्ट्यांच्या घरी हे ऐकलं, धंतोलीतल्या बंगाली घरी ऐकलं, महालातल्या वाड्यात "आमच्या घराण्यातच पोक आहे" असं जरा अभिमानानंच ऐकलं. सगळी घरं दोन वर्षं उशिरा आली.

आता काय करायचं ते.

या रविवारी मोबाइलवर चार फोटो काढा, सगळे बाजूनं, पूर्ण उंचीचे. पार्किन्सनच्या गोळीच्या आधी उभे, गोळीनंतर तासाभरानं उभे, दहा मिनिटं चालून आल्यावर उभे, आणि कडक पलंगावर उशीशिवाय आडवे. शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. पाठ आणि डोकं गादीला टेकलं तर हे स्नायूंचं वाकणं आहे. डोकं अधांतरी राहिलं, दोन उशांशिवाय निजताच आलं नाही, तर हाडाकडे बघावं लागेल. मणका ठिसूळ होऊन दबलेला असू शकतो आणि आपल्याकडे मणक्याचा टीबीही विसरून चालत नाही. रात्री पाठ ठणकणं, बारीक ताप, वजन उतरणं, अचानक सुरू झालेली तीव्र वेदना, पायातली शक्ती जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काही असेल तर फोटोबिटो राहू द्या, लगेच दाखवा. व्हिटॅमिन डी आणि हाडांची घनताही एकदा तपासून घ्या. मे महिन्यात ४५ अंश तापणाऱ्या गावात व्हिटॅमिन डीची कमतरता कशी, असं लोक मला विचारतात. अहो, त्या उन्हात आपण बाहेर पडतो कुठे? आणि पडलोच तर डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात.

पहिल्या दोन फोटोंत बराच फरक दिसला, गोळीनंतर बाबा पुष्कळ सरळ झाले, तर औषधाच्या वेळा आणि मात्रा बसवून फायदा होण्यासारखा आहे. फरक नसेल तरी निराश होऊ नका, या वाकण्यावर लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनचं मुख्य औषध, बऱ्याचदा फारसा चालत नाही. एक मात्र बघा, ती गोळी जेवणाबरोबर तर घेत नाहीत ना? वरण, दूध, पनीर, अंडी यांतल्या प्रथिनांपुढे ती आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना मागे पडते. जेवणाआधी अर्धा तास रिकाम्या पोटी घेतलेली बरी. आणि कंपवातावर कुणी खाजकुहिलीचं चूर्ण सुचवलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या बियांत लेव्होडोपाच असतो, त्यामुळे नकळत दुहेरी मात्रा पोटात जाते.

मग गोळ्यांची यादी. कागदावर दोन रकाने करा, एकात कोणती गोळी कधी सुरू झाली, दुसऱ्यात वाकणं कधी दिसू लागलं. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या पार्किन्सनच्याच गोळ्या सुरू केल्यावर काही जणांची मान पडते किंवा कंबर वाकते, आणि गोळी कमी केल्यावर सुधारतेही. पोटातल्या गॅसवरच्या गोळ्यांच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचा. लेव्होसल्पिराइड असेल तर तो डोपामाइनच्या वाटेतला धोंडा आहे. उलटीची मेटोक्लोप्रमाइड तशीच, चक्करेची सिनारिझिनही. आपल्याकडे या दुकानातून सहज येतात आणि वर्षानुवर्षं चालू राहतात, कुणी बंद करायला सांगतच नाही. यादी घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. खासगी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात न्यूरोलॉजीची ओपीडी आहे. पार्किन्सनची कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. तसं केल्यानं ताप चढून अंग लाकडासारखं होऊन माणूस आयसीयूत जाऊ शकतो.

पट्टा दिवसभर नको. पट्ट्यानं धरून ठेवलं की पाठीचे स्नायू आणखी आळशी होतात, आणि वाकलेल्या माणसाच्या पोटात तो रुततो, श्वास अडतो. काही रुग्णांना मापानं बनवलेल्या खास आधाराचा उपयोग होतो, पण तो तुम्ही आणलेला पट्टा नव्हे. बुटका वॉकर किंवा बुटकी काठी तर मुळीच देऊ नका, माणूस तिच्याकडे वाकत जातो. छातीच्या उंचीच्या दोन काठ्या द्या, दोन हातांत दोन. आपल्याकडे बांबूला तोटा नाही. टोकाला रबर बसवून घ्या म्हणजे फरशीवर घसरणार नाहीत. पुढे गरज पडली तर कोपरापासूनचा हात टेकवायचा उंच वॉकर मिळतो, त्यानं धड वर राहतं. पाठीवर वजनाची पिशवी अडकवून धड मागे खेचायची युक्तीही काही जणांना लागू पडते, पण ती फिजिओथेरपिस्टनं समोर उभं राहून करून बघायची आहे, घरी नको.

व्यायामातला एकच सांगते, बाकीचे समोर बसून शिकायचे असतात. सकाळी गोळीचा असर असताना पलंगावर पालथं झोपायचं, छातीखाली पातळ उशी, पाच मिनिटं. आखडलेला पुढचा भाग ताणला जातो. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा, आणि पहिले काही दिवस कुणीतरी जवळ थांबा.

आणि आता "सरळ चाला". हे दोन शब्द घरातून हद्दपार करा. बाबांना चिडवतात म्हणून तर आहेच, पण मुळात त्या शब्दांचा उपयोगच होत नाही. ज्या मेंदूला वाकलेलं कळत नाही, त्याला "सरळ हो" ही आज्ञा पत्ता नसलेल्या पाकिटासारखी. त्याऐवजी शरीराबाहेरची खूण द्या. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा वीतभर वर लावा आणि तारीख वाचायला सांगा. चहा ओट्यावर ठेवू नका, वरच्या फळीवर ठेवा, गरम नसलेला. रस्त्यात "ती बघा, तिसऱ्या मजल्यावरची पाटी, काय लिहिलंय?" विचारा. उंबऱ्यात पाय चिकटत असतील तर फरशीच्या रेघा ओलांडत चालायला सांगा, शहाबादी फरशी असेल तर आयतीच सोय. बसायला खोल सोफा नको, हात असलेली ताठ खुर्ची.

तुमच्या बाबांकडे एक गोष्ट आहे जी माझ्या बहुतेक रुग्णांकडे नाही. धोटा इकडून तिकडे, फणी ठोकली, पुन्हा धोटा. वर्षानुवर्षं ती लय त्यांच्या अंगात मुरलीय. पार्किन्सनमध्ये आतली लय बिघडते, पण बाहेरून ठोका मिळाला की पावलं पुष्कळदा लांब आणि सारखी पडतात. घड्याळाच्या ठोक्यासारखे आवाज वाजवून आम्ही दवाखान्यात हेच करतो. त्यांना सांगा, मागाचा ठोका तोंडानं म्हणत चाला. मागे लागू नका, फक्त विचारा, "बाबा, तो ठोका कसा असायचा?" पहिल्यांदा ते शिकवतील, दुसऱ्यांदा चालतील.

फिरायला जाणं पुन्हा सुरू करताना गांधीबाग हे लक्ष्य ठेवू नका. ते किती मिनिटांनी वाकू लागतात ते मोजा. सहा मिनिटं असेल तर पाचव्या मिनिटाला थांबायचं, एखाद्या भिंतीला पाठ, टाचा आणि जमलं तर डोकं टेकून दोन मिनिटं उभं राहायचं, मग पुढे. वाकल्यावर थांबण्यापेक्षा वाकण्याआधी थांबणं चांगलं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परत या, निघण्याआधी पाणी प्यायला द्या. या आजारात आणि या औषधांनी उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो, आणि नागपूरच्या उन्हात तर चक्कर येऊन पडायला निमित्तच लागत नाही. चालताना ठसका लागला तर तेव्हा बोलायला लावू नका. तर्री-पोहे खायचेच असतील तर खुर्चीत बसून, हनुवटी छातीत रुतलेली नाही हे बघून, बारीक घास.

मेंदूत तारा बसवायची शस्त्रक्रिया, डीबीएस, वाकण्यासाठी करावी का असं कुणी सुचवेल. काहींना फरक पडतो, विशेषतः वाकणं नवं असताना, काहींना अजिबात नाही. केवळ वाकण्यासाठी मी त्या वाटेनं लगेच जाणार नाही. मणक्यात सळ्या घालायच्या ऑपरेशनला तर पार्किन्सनच्या माणसात गुंतागुंत फार होते, तिथे दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

राहिले जरीपटक्याचे काका. ते सिंधी आहेत म्हणून डावीकडे कलत नाहीत. नणंदेला सांगा, त्यांच्या घरी फक्त एवढं विचार: कलणं सुरू होण्याच्या आधीच्या काही महिन्यांत कुठली नवी गोळी लागली का? विसरभोळेपणासाठी डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन, झोपेसाठी किंवा भास होतात म्हणून दिलेलं काही, नैराश्याचं काही. अशा गोळ्यांनी माणूस बाजूला कलतो, आणि वेळेत ओळखलं तर गोळी बदलल्यावर बरेचदा परत सरळ होतो. वर्षभर तसंच राहू दिलं तर ते कलणं पक्कं होऊ शकतं. तेव्हा हा फोन आजच करा, बाबांचे फोटो रविवारी काढले तरी चालेल.